कांगारू तिकडे, देवगांडूळ इकडे

विठ्ठलवाडीच्या बचत गटाकडून आम्ही बोलतोय. मागच्या वेळी गांडूळखताच्या खड्ड्याबद्दल बोलणं झालं होतं. आजचा विषय सुरुवातीला फार लांबचा वाटेल, पण थोडा धीर धरा, तो त्याच खड्ड्यापाशी येऊन पोचतो.

आमच्या बैठकीला बायकांबरोबर पोरंही येतात. त्यातल्या सातवीतल्या एकीनं विचारलं, कांगारू ऑस्ट्रेलियातच का? आपल्याकडे का नाही? प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही कोट्यवधी वर्षं मागे गेलो.

आधी कांगारूबद्दल. ही पिशवीवाल्या प्राण्यांची जात. कांगारूच्या मादीचे दिवस जेमतेम महिनाभरात भरतात. पिल्लू जन्मतं ते राजम्याच्या दाण्याएवढं, वजन एक ग्रॅमही नाही. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. ते आईच्या पोटावरच्या केसांना धरून आपलं आपण पिशवीपर्यंत सरपटत जातं, स्तनाला चिकटतं आणि पुढचे कित्येक महिने तिथेच वाढतं. म्हणजे बाळंतपण सोपं, पण त्यानंतरचं अंगावरचं काम लांबलचक. हे ऐकून आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, "मग आपल्यात नि तिच्यात फरक तो काय?"

असे पिशवीवाले प्राणी आज ऑस्ट्रेलियाच्या बाजूला पुष्कळ आहेत, आणि दूर अमेरिकेतही आहेत. तिथल्या त्या उंदरा-घुशीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याला ओपोसम म्हणतात. मधे अख्खा महासागर. मग एकाच घराण्यातले हे प्राणी दोन्हीकडे कसे? पोहत तर गेले नसणार. याचा पुरावा मिळाला तो बर्फाच्या खंडात. १९८२ साली अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावर पिशवीवाल्या प्राण्याचे अवशेष दगडात सापडल्याचं जाहीर झालं. अंटार्क्टिकावर तेव्हा बर्फ नव्हता, जंगल होतं. दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया एकमेकांना लागून होते, आणि हे प्राणी पिढ्यान् पिढ्या चालत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मरगॉन गावी त्यांचे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे दात आणि हाडं मिळाली आहेत.

आता आपला देश यात कुठे येतो? तो त्याच कुटुंबातला. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांची मिळून एकच जमीन होती. तिला जगभरचे अभ्यासक गोंडवन म्हणतात. हे नाव आपल्या गोंड लोकांच्या मुलखावरून पडलं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मैत्रिणींनी हे मुलांना जरूर सांगावं, शाळेत ते असं कुणी ठासून सांगत नाही. बल्लारपूरच्या कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे मिळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार उपाशी, थंडीनं मेले. त्यांच्या सामानात सोळा किलोच्या आसपास दगड होते. मरता मरताही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत याच झाडाच्या पानांचे ठसे निघाले.

मग वाटणी झाली. आपल्याकडे भावकीत होते तशी, एकदम नाही, एकेक करत. भारत अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियापासून सुटला बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वी. मादागास्करपासून सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी. सेशेल्स बेटांपासून सहा कोटींच्या थोडं आधी. पिशवीवाले प्राणी अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियात पोचले ते आपण त्या घरातून बाहेर पडल्यानंतर खूप काळानं. कांगारूंच्या पूर्वजांना आपल्या अंगणात यायला वाटच उरली नव्हती.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. आपल्या शेजारी, सुरत जिल्ह्यातल्या वस्तान गावी लिग्नाइटची, म्हणजे कच्च्या कोळशाची खाण आहे. तिथे मिळालेले काही बारीकसे दात पिशवीवाल्या प्राण्यांचे आहेत असं २००५ साली मांडलं गेलं. ते थर साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे. पण त्या खाणीतल्या इतर बऱ्याच प्राण्यांचे सोयरे युरोपात मिळतात. म्हणजे ते दात खरंच पिशवीवाल्यांचे असले, तरी ते प्राणी उत्तरेच्या बाजूनं आले असण्याचा संभव जास्त. एका दातावरून घराणं ओळखायचं म्हणजे नुसत्या बांगडीच्या तुकड्यावरून बाई ओळखण्यासारखं. त्यावर वाद होणारच.

आपण एकटे उत्तरेकडे सरकत होतो तेव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, जमीन फाटून लाव्हा वाहिला. थरावर थर साचले. कल्याणहून मलंगगडाकडे जाताना जो काळा कातळ दिसतो, तो हाच. तुमच्या घरातला पाटा-वरवंटा, जातं, देवळाची पायरी, सगळं त्याच लाव्ह्याचं. दोन थरांच्या मधल्या काळात पाऊस पडायचा, डबकी साचायची, त्यात जीव राहायचे. मुंबईत वरळीला अशाच एका डबक्याच्या चिखलात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले. त्यांचं वर्णन १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी केलं. डायनोसॉर हा शब्द बनवणारे तेच ते. आज जिथे समुद्राकाठी गाड्यांची रांग लागते, तिथे बेडूक डराव डराव करत होते.

तेव्हाचे सगळे जीव मेले नाहीत, आणि इथेच आम्हाला खताच्या खड्ड्याकडे यायचंय.

देवगांडूळ तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यात बांध खणताना, शेणाच्या ढिगाखाली, सुपारीच्या बागेतल्या ओल्या मातीत निघतो. गांडुळासारखा, पण जाड आणि चपळ. तो ना गांडूळ, ना साप. बेडकाच्या कुळातला, बिनपायाचा. याच्या एका जातीचं वर्णन १९६० साली झालं ते आपल्या कल्याणहून पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरच्या खंडाळ्यातल्या नमुन्यावरून. आंबोलीतली एक जात २००३ साली आणि कोयनेकडच्या हुंबर्लीतली २००४ साली शास्त्राला कळली. म्हणजे काही शंभर वर्षं जुनी गोष्ट नाही, कालपरवाची.

या देवगांडुळांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत, मुंबईपासून तीन हजार किलोमीटरपेक्षा लांब. आणखी काही आफ्रिकेत. याची कातडी कायम ओली लागते, खारं पाणी तिला सोसत नाही. समुद्र ओलांडून तो जाऊच शकत नाही. तेव्हा तो गेला नाही, जमीनच सरकली. हा पोटाशी माती धरून आपल्याबरोबर आला, लाव्ह्यातून वाचला, आणि आता आपल्या फावड्याखाली मरतो. कारण बायका दुतोंडा साप समजून त्याला ठेचतात. आमच्या गटातही हेच होत होतं.

ओळखायचा कसा ते सांगतो. अंगाला गोल गोल कडी असतात, खवले दिसत नाहीत, अंग बुळबुळीत असतं. डोळे जवळजवळ दिसत नाहीत. शेपूट आखूड आणि बोथट. काहींच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पिवळा पट्टा असतो. वाळा साप बारीक असतो, पण त्याला चकचकीत खवले असतात आणि तो कोरडा लागतो. फरक कळला नाही तर हात लावू नका, लांब व्हा. मण्यारीचं पिल्लूही मातीत असू शकतं.

मातीतले किडे, वाळवी, गांडुळं हे त्याचं खाणं. गांडूळखताच्या खड्ड्यात एखादा आला तर थोडी गांडुळं खाईल, तेवढं आपण सोसू शकतो. अनेक जातींत मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. त्यामुळे एक ठेचली तर तिच्याखालची अंडीही जातात. खड्डा उपसताना फावडं एकदम खोल मारू नका, वरचा पाचोळा आधी दाताळ्यानं बाजूला करा. देवगांडूळ निघाला तर मातीसकट फावड्यावर घ्या आणि सावलीतल्या ओल्या जागी, पाचोळ्याखाली सोडा. उन्हात टाकू नका. कातडी सुकली की तो थोड्या वेळात मरतो.