कर्णधार झोपला होता

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला विषय दिला 'नेतृत्व आणि विश्वास', आणि वेळ दिली दहा मिनिटं. मी बँकेतला माणूस, मुदत पाळण्याची सवय आहे. वेळेत संपवीन.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा नातेवाईक विचारायचे, "देवनार? म्हणजे ते डंपिंग ग्राउंड ना?" आपण हसून सोडून द्यायचो. २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावरच्या मंडळींचं सामान वरच्या मजल्यांवर गेलं, माणसंही गेली. जानेवारी २०१६ मध्ये डंपिंगला आग लागली, तेव्हा खिडक्या बंद करून बसलो आणि म्हाताऱ्या माणसांची एकमेकांकडे चौकशी करत राहिलो. त्या दिवसांत कुणी कुणाकडे हिशोब मागितला नाही. संकटात विश्वास आपोआप येतो. खरी परीक्षा होते ती पैशाचा विषय निघाला की! आणि आता इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा विषय निघालेला आहे, म्हणूनच आज थोडं मोकळेपणानं बोलतो.

आधी एका बँकवाल्याची गोष्ट सांगतो. अजित वाडेकर. आपल्या दादरचे, स्टेट बँकेत अधिकारी होते. १९७१ साली विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर ते भारताचे कर्णधार झाले. त्याआधी कर्णधार होते पतौडी. म्हणजे बघा, निवड अगदी काठावरची, संघात अनुभवी आणि नावाजलेले खेळाडू, आणि पहिलाच दौरा वेस्ट इंडिजचा. अशा माणसानं संघाचा विश्वास मिळवायचा कसा?

त्यांनी आधी स्वतः विश्वास टाकला. दिलीप सरदेसाई संघात येतील की नाही याची खात्री नव्हती, वाडेकरांनी आग्रह धरला. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत ५ बाद ७५ अशी अवस्था असताना सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या. त्यांना साथ दिली एकनाथ सोलकर यांनी, हिंदू जिमखान्याच्या माळ्याच्या मुलानं. पुढे पोर्ट ऑफ स्पेनला सलीम दुराणी यांनी चेंडू मागून घेतला असं सांगतात. कर्णधारानं दिला. दुराणींनी लॉईड आणि सोबर्स दोघांनाही काढलं. लॉईडचा झेल कुणी घेतला? वाडेकरांनीच. वेस्ट इंडिजविरुद्ध भारताचा तो पहिला कसोटी विजय.

पण नुसता मोठ्या मनानं विश्वास टाकून भागत नाही, गृहपाठही लागतो. किंग्स्टनचा पहिला दिवस पावसात गेला होता. सामना चार दिवसांचा झाला की फॉलोऑनसाठी दोनशेऐवजी दीडशेची आघाडी पुरते. आपली आघाडी होती १७०. वाडेकरांना नियम पक्का ठाऊक होता. त्यांनी सोबर्सच्या संघाला पुन्हा खेळायला लावलं. सामना अनिर्णित राहिला, पण आपल्या कर्णधाराला आपलं काम कळतं हे अकरा जणांनी पाहिलं. जो स्वतः नियम वाचत नाही, त्याच्यावर संघ विसंबत नाही.

मग ऑगस्टमध्ये ओव्हल. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ मध्ये आटोपलं. सोलकर हेल्मेटशिवाय फलंदाजाच्या पुढ्यात उभे. गोलंदाजानं एक चेंडू आखूड टाकला तर काय होईल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. संघातला विश्वास म्हणजे तेच, तो दोन्हीकडून असावा लागतो. जिंकायला हव्या होत्या १७३ धावा. २४ ऑगस्टला शेवटच्या दिवशी सकाळीच वाडेकर ४५ वर धावबाद झाले. आम्ही पोरं इकडे रेडिओला कान लावून बसलेलो, पोटात गोळा! आणि कर्णधार काय करत होते? ड्रेसिंग रूममध्ये झोपले. सामना जिंकल्यावर त्यांना उठवून सांगावं लागलं. पुष्कळ वर्षं मला ही गंमत वाटायची. पुढे स्वतः शाखा सांभाळली तेव्हा कळलं, अशी झोप लागायला आधी किती काम केलेलं असावं लागतं ते.

आता माझी गोष्ट. १९७४ साल. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. कॅश काउंटरवर संध्याकाळी पाचशे रुपये कमी भरले. ही रक्कम माझ्या महिन्याच्या पगाराच्या आसपासची. घाम फुटला. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी दार लावून घेतलं, कोट काढून ठेवला आणि म्हणाले, "चूक झालीय, चोरी नाही. चला, शोधू." रात्री साडेआठला सापडलं. एका व्यापाऱ्याला पाचाच्या नोटांच्या पुडक्याऐवजी दहाच्या नोटांचं पुडकं दिलं गेलं होतं. साहेब स्वतः माझ्याबरोबर त्याच्या दुकानात आले. त्या भल्या माणसानं तिजोरी उघडून पुडकं परत दिलं. पण मला खरी गोष्ट लक्षात राहिली ती दुसऱ्या दिवसाची. साहेबांनी मला पुन्हा त्याच काउंटरवर बसवलं. त्यानंतर त्यांच्या शाखेत मी नोटा तीनदा मोजत असे!

आणि त्याच शाखेत स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या होत्या, दोघांकडे. मी एकदा विचारलं, "साहेब, तुम्ही एवढा विश्वास ठेवता, मग दोन किल्ल्या कशाला?" ते म्हणाले, "उद्या काही कमी-जास्त झालं तर तुझ्या एकट्यावर संशय येऊ नये म्हणून." दोन किल्ल्या अविश्वासाच्या नसतात, त्या विश्वास टिकवण्यासाठी असतात.

हे सगळं शिकूनही मी इथे, याच सोसायटीत, चुकलो. २०११ साली मी सेक्रेटरी होतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं. तीन कोटेशन्स मागवली. सर्वात स्वस्त ठेकेदार गॅरंटी द्यायला तयार नव्हता, म्हणून मधलं कोटेशन निवडलं. निर्णय बरोबर होता, पण सभासदांना काही सांगितलं नाही. वार्षिक सभेत एका सभासदानं साधा प्रश्न विचारला, "स्वस्तवाल्याला काम का नाही दिलं?" मी भडकलो. म्हणालो, "सदतीस वर्षं बँकेत काढली, माझ्यावर संशय?" कागद माझ्या हातातल्या फाइलमध्ये होते. मी फाइल उघडली नाही. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. लिफ्टमध्ये भेटलो तर दोघंही मजल्याच्या आकड्याकडे बघायचो.

पुढे तेच गृहस्थ खजिनदार झाले. पहिल्याच महिन्यात नोटीस बोर्डावर प्रत्येक बिलाची प्रत लावली. जिन्यातल्या ट्यूबलाइटचंसुद्धा बिल! ते बघत उभा राहिलो आणि मनात आलं, मी कर्ज मंजूर करताना कुणी म्हणालं असतं, "साहेब, माझ्यावर विश्वास ठेवा, कागद कशाला?" तर मी कर्ज दिलं असतं का? त्यांनी माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांची बेल वाजवली आणि माफी मागितली. ते म्हणाले, "चहा घेणार ना?" आज ते पहिल्या रांगेत बसलेत, आणि हे इथे सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे.

तर नव्या समितीला थोरल्या माणसाचं सांगणं एवढंच. आमच्या वेळी समितीवर आलं की एम-२० बाँड लिहून द्यावा लागे. निर्णयाची जबाबदारी सगळ्यांची मिळून, असा त्याचा अर्थ. तेव्हा काम एकट्या सेक्रेटरीवर टाकू नका. दुरुस्तीची कोटेशन्स सभेच्या आधी बोर्डावर लावा, निवडीचं कारण दोन ओळींत लिहा. प्रश्न विचारणाऱ्याला शत्रू समजू नका. आणि चूक झाली तर आधी स्वतः सांगा.

सभासदांनाही सांगतो. वाडेकरांनी १९७१ मध्ये दोन मालिका जिंकून दिल्या. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर आपण ४२ धावांत बाद झालो, मालिका ३-० अशी गेली, आणि ज्या लोकांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच तोंड फिरवलं. त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं, आणि ते निवृत्त झाले. पुढे नव्वदच्या दशकात तेच भारतीय संघाचे व्यवस्थापक होऊन परत आले, हे नशीब. पण सोसायटीत फुकट काम करणारा माणूस एकदा दुखावून गेला की तो परत येत नाही. प्रश्न जरूर विचारा, पण विचारून झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा त्याच काउंटरवर बसू द्या.

पुढच्या महिन्यात दुरुस्तीसाठी विशेष सर्वसाधारण सभा आहे. मी पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारणार आहे. उत्तरं नीट मिळाली की घरी जाऊन शांत झोपेन.

दहा मिनिटं झाली. सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना शुभेच्छा देऊन थांबतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!