संघातून कोणाला काढायचे, आणि कसे?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापन दिनाच्या भाषणात वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यायचा, देणगीदारांचे आभार मानायचे आणि पुढच्या वर्षी सभागृहाच्या पत्र्याच्या जागी स्लॅब टाकू असे आश्वासन द्यायचे, ही आपली रीत आहे. तो अहवाल या स्मरणिकेत वेगळा छापला आहे. आज आम्ही एका चुकीविषयी बोलणार आहोत. चूक आमचीच आहे, कार्यकारिणीची.

विहाराचा व्हॉट्सअॅप ग्रुप तुम्हा सर्वांच्या मोबाईलवर आहे. २०२० च्या टाळेबंदीत याच ग्रुपवरून कोणाच्या घरातले धान्य संपले, कोणाला औषध हवे, हे कळत होते. आज वंदनेची वेळ, साखरपुडा, पुण्यानुमोदन, सगळे तिथेच कळते. पूर्वी वस्तीची बैठक पिंपळाखाली बसायची, आता ती खिशात बसते. म्हणून त्या ग्रुपातून माणूस काढणे म्हणजे त्याला वस्तीच्या बैठकीतून उठवणेच आहे. हे आम्हाला फार उशिरा कळले.

मागच्या जयंतीनंतर आपल्यातल्याच एका तरुण उपासकाने ग्रुपवर विचारले, "वर्गणी किती जमली? डीजेला किती गेले? वाचनालयाच्या पुस्तकांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचं काय झालं?" कोणी उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी त्याने पुन्हा विचारले. आमच्यापैकी एकाने लिहिले, "विहाराची बदनामी थांबवा." त्याने तिसऱ्यांदा विचारले. मग आम्ही तिघे-चौघे चहाला बसलो होतो, तिथेच ठरले आणि बोटाने एक कळ दाबली. त्याचे नाव ग्रुपातून गेले. दोन भगिनींनी विचारले, "का काढलं?" तर आम्ही ग्रुपला कुलूप लावले, फक्त अॅडमिनच लिहू शकेल असे करून टाकले. त्याचा शेवटचा प्रश्नही पुसून टाकला. सगळे मिळून दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

आता खरे सांगतो. पैसे कोणी खाल्ले नव्हते. पण पुस्तकांचे पैसे डीजेच्या बिलात गेले होते आणि दोन पावत्या सापडत नव्हत्या. म्हणजे पोराचा प्रश्न बरोबर होता. आम्हाला त्याचा राग आला नव्हता, आम्हाला लाज वाटली होती. माणसाला लाज वाटली की तो रागाचे सोंग आणतो.

पुढे काय झाले ते तुम्ही पाहिलेच. संध्याकाळी वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांची शिकवणी तोच घेत होता. ती बंद पडली. त्याची आई वंदनेला येते, पण पूर्वी पुढे बसायची ती आता दाराशी बसते.

तेव्हा आम्ही एक सबब पुढे केली होती : "ग्रुपवर काही भलतंसलतं आलं तर केस अॅडमिनवर होते." हेही तपासून पाहिले. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले आहे की, दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला, दोघांचा मिळून तसा हेतू नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणी जबाबदार ठरत नाही. आणि इथे तर आक्षेपार्ह काहीच नव्हते. हिशोब मागणे हा कोणत्याही कायद्यात गुन्हा नाही.

बांधवांनो, बहिष्कार हा शब्द आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या आज्या-पणज्यांनी तो पाणवठ्यावर भोगला आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. १९२७ साली काढलेल्या पत्राचे नावच त्यांनी 'बहिष्कृत भारत' ठेवले.

पण आज १९३६ सालची एक गोष्ट विशेष आठवते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले होते. मंडळ सुधारकांचे, नावातच जात तोडण्याची भाषा. पण भाषणाचा मजकूर हाती पडल्यावर त्यांना तो झेपला नाही. काही भाग गाळा, अशी विनंती आली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, दीड हजार प्रती. तेच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'.

ही गोष्ट आपण दर जयंतीला सांगतो. तिचा पुढचा भाग मात्र सांगत नाही. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली. मधल्या काळात गांधीजींनी 'हरिजन' साप्ताहिकात त्या भाषणावर टीका केली होती. बाबासाहेबांनी ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्याजवळ आपले उत्तर छापले. ज्यांचे बोलणे ऐकून घेतले गेले नाही, त्यांनी विरोधकाचे बोलणे स्वतःच्या खर्चाने लोकांपुढे ठेवले. आम्ही मात्र त्यांच्याच फोटोला हार घालून आपल्याच पोराचे तीन प्रश्न ठेवू शकलो नाही.

आता धम्माकडे या. काही जण म्हणतील, संघात शिस्त हवीच. बरोबर आहे, हवीच. विनयात भिक्खूला संघाच्या व्यवहारातून बाजूला ठेवण्याची तरतूद आहे, तिला उक्खेपनीय कम्म म्हणतात. पण ती कशी करायची तेही तिथेच सांगितले आहे. आधी त्या भिक्खूला दोष दाखवायचा, त्याला आठवण करून द्यायची, मग आरोप ठेवायचा. हे सगळे त्याच्या समोर. त्याला विचारायचे, त्याचे म्हणणे घ्यायचे. मग संघापुढे ठराव मांडायचा आणि तीन वेळा घोषणा करायची, म्हणजे कोणाची हरकत असेल तर त्याला बोलता यावे. माणूस समोर नसताना, त्याला न विचारता केलेले असे कर्म धम्माला धरून नाही, असे विनय सांगतो. आणि वागणूक सुधारली की परत घेण्याची वाटही त्यातच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हेच लक्षात आणून दिले होते, की ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे संसदीय नियम भिक्खू संघाला माहीत होते.

तरीही संघाच्या हातून चूक झाली. कोसंबीची गोष्ट अट्ठकथेत आहे. एका भिक्खूने शौचाच्या जागी भांड्यात पाणी शिल्लक ठेवले. दुसऱ्याने ते पाहिले. नकळत झाले असेल तर दोष नाही, असे तो त्याच्या तोंडावर म्हणाला, आणि मागे आपल्या शिष्यांना सांगितले की त्याच्या हातून दोष घडला आहे. शब्दाने शब्द वाढला. त्या भिक्खूला संघातून बाजूला ठेवले गेले आणि संघाचे दोन तट पडले. भांडे-भर पाण्यावरून! तथागत दोन्ही बाजूंकडे गेले. काढणाऱ्यांना त्यांनी समजावले की, याने संघ फुटेल हे दिसत असताना घाईने कोणाला काढू नका. काढलेल्याच्या बाजूला समजावले की, इतरांवर विश्वास ठेवून दोष कबूल करा. कोणी ऐकेना. एक भिक्खू तर म्हणाला की भगवंतांनी स्वस्थ बसावे, आमचे भांडण आम्ही पाहू. तेव्हा तथागत एकटेच पारिलेय्यकच्या वनात निघून गेले.

मग भांडण मिटवले कोणी? कोसंबीच्या उपासक-उपासिकांनी, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या घरसंसारी माणसांनी. त्यांनी ठरवले की या भिक्खूंना वंदन करायचे नाही, भिक्षा वाढायची नाही. तेव्हा दोन्ही तट श्रावस्तीला तथागतांपुढे गेले. काढलेल्या भिक्खूने विचार करून आपला दोष मानला, त्याला परत घेतले गेले आणि संघ एक झाला. आमच्या ग्रुपवर "का काढलं?" असे विचारणाऱ्या त्या दोन भगिनी आम्हाला कोसंबीच्या उपासिकाच वाटतात. त्यांचे जाहीर आभार.

वर्षावास संपताना भिक्खू पवारणा करतात. म्हणजे प्रत्येक जण संघापुढे स्वतःहून म्हणतो की, माझ्यात दोष पाहिला असेल, ऐकला असेल, नुसती शंका असेल तरी मला सांगा. दोष दाखवणाऱ्याला हाकलायचे नाही, त्याला आमंत्रण द्यायचे.

आता दुसरी बाजूही स्पष्ट बोलली पाहिजे. सगळेच काढणे चूक नाही. कोणी भगिनींविषयी घाणेरडे लिहिले, अफवा पसरवली, शिवीगाळ केली, तर तिथे गप्प बसणे हाही अन्यायच. पण त्यासाठीसुद्धा रीत हवी. छन्न नावाचा भिक्खू फार उद्धट होता. तथागतांनी परिनिर्वाणापूर्वी त्याच्यासाठी ब्रह्मदंड सांगितला. तो काय होता? छन्नाला जे बोलायचे ते बोलू दे, पण भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये. म्हणजे सर्वात कडक दंडातसुद्धा त्याचे तोंड बांधले नव्हते. आणि आनंद स्वतः कोसंबीला जाऊन त्याला हे समोरासमोर सांगून आला. छन्न हादरला, एकांतात जाऊन साधनेला लागला, अर्हत झाला आणि दंड उठला. दंड हा माणूस सुधारावा म्हणून होता, आपली डोकेदुखी जावी म्हणून नव्हे.

म्हणून कार्यकारिणीने काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या आज तुमच्यापुढे मंजुरीसाठी ठेवतो.

एक, शिवी आणि प्रश्न यांत फरक केला जाईल. प्रश्न कितीही कडू असला तरी त्यासाठी कोणाला काढले जाणार नाही.

दोन, कोणाला काढायचे झाले तर आधी त्याला विहारात बोलावून समोर कारण सांगायचे आणि त्याचे म्हणणे ऐकायचे.

तीन, ज्याच्यावर प्रश्न आहे त्याने निर्णयात बसायचे नाही. आमच्या बाबतीत ज्यांना हिशोब विचारला तेच न्यायाधीश झाले होते.

चार, काढले तर किती दिवसांसाठी आणि परत येण्यासाठी काय करावे लागेल, हे सगळ्यांना लिहून कळवायचे.

पाच, हिशोब विचारण्याची वेळच येऊ नये म्हणून दर पौर्णिमेला जमाखर्च फळ्यावर लागेल.

मागच्या रविवारी आम्ही त्या उपासकाच्या घरी गेलो. चूक कबूल केली आणि ग्रुपात परत ये म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला नंतर घ्या. आधी माझा प्रश्न परत घ्या."

त्याच रात्री कुलूप काढले. त्याचे तीन प्रश्न त्याच्याच शब्दांत ग्रुपवर पुन्हा टाकले आणि खाली उत्तर लिहिले, न सापडलेल्या दोन पावत्यांसकट. पुस्तकांचे पैसे कार्यकारिणीच्या सदस्यांनी आपल्या खिशातून भरले आहेत, त्याची पावती फळ्यावर लावली आहे. जाऊन पाहा. काही चुकले असेल तर विचारा.

शिकवणी सोमवारपासून सुरू होत आहे. मुलांना पाठवा. आणि पुढच्या वंदनेला त्या माउलींसाठी पुढची जागा ठेवा, एवढीच विनंती.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.