बंदुकीचा दणका आणि नेम

नेम चुकला कीं बंदुकीला दोष द्यावयाचा, ही चाल फार जुनी आहे. नाचतां येईना अंगण वांकडें, या म्हणीचाच तो एक प्रकार. हलक्या बंदुकीच्या बाबतींत ही सबब कोणी ऐकून घेत नाहीं. परंतु बंदूक खांद्याला जोरानें मारणारी असली म्हणजे तीच सबब खरी वाटूं लागते. एवढा दणका बसल्यावर नेम हलणारच, असें चांगलीं शिकलेलीं माणसेंही म्हणतात. या समजुतींत तथ्य किती आणि भ्रम किती, हें पाहण्यासारखें आहे.

पुण्याच्या पूर्वेस दौंड येथें राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, आणि जवळच नानवीज येथें पोलिसांचें प्रशिक्षण केंद्र आहे. चांदमारीच्या मैदानावर नव्या शिपायाची जी परीक्षा होते, ती समजण्यासाठीं ७.६२ मिलिमीटरची एस. एल. आर. ही रायफल घ्यावी. भारतांतील लष्करानें व पोलिसांनीं ती पुष्कळ वर्षें वापरली. तिची सुमारें साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदास ८०० मीटरांहून अधिक वेगानें सुटते. क्रिया तशी प्रतिक्रिया, या न्यूटनच्या नियमाप्रमाणें साडेचार किलोची ती बंदूक मागें येऊन खांद्यावर आदळते. पुढें आलेल्या इन्सास रायफलीची गोळी चारच ग्रॅमची. तिच्या धक्क्याची शक्ति याच्या जवळजवळ चौथाई.

आतां गंमत अशी कीं, दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच वेळ लागतो. तेवढ्या अवधींत बंदूक मागें सरकते ती फार तर दीड मिलिमीटर. खांद्याला जो दणका जाणवतो, तो गोळी निघून गेल्यावर! मग गेलेल्या गोळीचा नेम तो दणका कसा बिघडविणार?

नेम बिघडवितें तें दणक्याचें भय. शिपाई चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो, खांदा पुढें लोटतो, हात आवळतो; बंदुकीचें तोंड खालीं जातें आणि गोळी फलकाच्या तळाशीं मातींत शिरते. त्याला स्वतःला याचा पत्ताही नसतो. कारण पाठोपाठ येणारा दणका सर्व खुणा पुसून टाकतो. म्हणून जाणता शिक्षक एक युक्ति करतो. तो शिपायास न कळवितां खऱ्या काडतुसांत दारू नसलेलें कवायतीचें एखादें काडतूस मिसळतो. त्या पाळीला आवाज होत नाहीं, धक्का बसत नाहीं. तरी बंदुकीचें तोंड मात्र झटकन् खालीं जातें. सर्वांच्या देखत दोष उघड होतो आणि वाद मिटतो.

उपाय साधे आहेत, पण ते क्रमानें झाले पाहिजेत. पहिला उपाय बैठकीचा. दस्ता खांद्याच्या सांध्यावर किंवा दंडावर न टेकतां, सांधा व छाती यांमधील खळग्यांत घट्ट बसवावा. मध्यें फट राहिली तर बंदूक वेग घेऊन आदळते. फट नसली म्हणजे माणसाच्या अंगाचा भार बंदुकीच्या भारांत मिळतो आणि दणक्याचा रेटा होतो. गाल दर वेळीं दस्त्यावर एकाच जागीं टेकावा. गोळी नळींत असतांना बंदुकीचें तोंड किंचित् वर उचललें जातेंच. पण धरण्याची रीत एकच असली तर तें उचलणेंही एकसारखें होतें, आणि नेमाची माशी बसवितांना तें जमेस धरलेलें असतें.

दुसरा उपाय शरीर सैल ठेवण्याचा. नेम धरून क्षणभर डोळे मिटावे व उघडावे. माशी बाजूला गेलेली दिसली तर मनगटानें ओढून न आणतां सर्व बैठकच फिरवावी. श्वास अर्धा सोडून थांबावें, आणि चाप बोटाच्या पहिल्या पेरानें इतक्या हळूहळू दाबावा कीं बार नेमका केव्हां होईल, हें दाबणारासही आधीं कळूं नये. ज्याची वेळ ठाऊक नाहीं, त्याला भिऊन आधींच दचकतां येत नाहीं. बार झाल्यावरही डोळा उघडा ठेवून माशी कोठें गेली तें पाहावें.

तिसरा उपाय संवयीचा. रिकाम्या बंदुकीनें चाप दाबण्याचा नित्य अभ्यास, मग लहान .२२ रायफल, आणि शेवटीं मोठी बंदूक, तीही एका दिवशीं थोड्याच गोळ्या. कान झांकलेच पाहिजेत; बहिरेपण टळतेंच, शिवाय अर्धें भय धक्क्याचें नसून आवाजाचें असतें.

हा सर्व खटाटोप फलकावरील गुणांसाठीं नाहीं. दौंडच्या उत्तरेस शिरूर तालुका आहे. घोड नदीच्या कांठच्या उंसांत तेथें बिबट्यांनीं घर केलें आहे. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पिंपरखेडच्या परिसरांत बिबट्यानें लहान मुलांसह माणसांचे बळी घेतले, आणि शेवटीं वनखात्याच्या नेमबाजांकडून एका बिबट्यास ठार करावें लागलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें मुख्य वन्यजीव रक्षकाच्या हुकुमावांचून बिबट्यावर शस्त्र चालवितां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. पण हुकूम मिळाल्यावर अंधारांत, उंसाच्या बांधावर, नेमबाज दचकला तर काय होईल? जखमी जनावर उंसांत शिरेल, आणि सकाळीं त्याच उंसांत पाणी द्यावयास शेतकरी जाईल.

म्हणून दणका सोसणारा खांदा हें नेमबाजाचें खरें भांडवल नव्हे. धिप्पाड गडी दचकतात आणि सडपातळ मुली शांतपणें नेम साधतात. भय वाटणें हा दोष नाहीं. तें चापावरील बोटापर्यंत पोहोंचूं न देणें, एवढेंच शिकावयाचें असतें. आणि तें शिक्षण गोळी न झाडतां, रिकाम्या बंदुकीवर, रोजच्या रोज होतें.