घर सोडलेले आणि घराने सोडलेले
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



गेल्या पन्नास वर्षांत आपल्या संस्थेने केलेल्या कार्याचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. त्यात भर घालण्याइतका माझा अधिकार नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे अलिबागच्या बाजारपेठेत कापड मोजणारा व्यापारी. आज आनंदाच्या प्रसंगी मी एका अप्रिय विषयावर बोलणार आहे, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझ्या दुकानाच्या ओट्यावर एक मनुष्य रात्री झोपू लागला. केस जटा झालेले, अंगावर चिंध्या, तोंडाने अखंड पुटपुटणे. तो कोणाला त्रास देत नव्हता. आम्ही फेकलेल्या कापडाच्या चिंध्या गोळा करून तो एकमेकींना गाठी मारीत बसे. सकाळी दुकान उघडताना गिऱ्हाईक बिचकते, या कारणाने मी त्याला हटकले. तो ऐकेना, म्हणून रात्री दुकान बंद करताना ओट्यावर दोन बादल्या पाणी ओतण्याचा क्रम मी सुरू केला. तिसऱ्या रात्री तो आला नाही. पुढे तो कुठे गेला, जगला की मेला, मला ठाऊक नाही. त्याच आठवड्यात पर्युषणाचा आरंभ झाला आणि मी जीवदयेच्या टिपेत नित्याप्रमाणे रक्कम लिहिली. तेव्हा त्यात मला काहीही विसंगती दिसली नाही, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, मुक्या प्राण्यांसाठी आपल्या समाजाने जे केले त्याचा मला अभिमान आहे. मुंबईची पांजरापोळ १८३४ सालची; पारशी आणि जैन व्यापाऱ्यांनी मिळून ती उभी केली. जनावर म्हातारे झाले, दूध देईना, म्हणून त्याला टाकून द्यायचे नाही, हा विचार आपण जवळजवळ दोन शतके निष्ठेने जपला. मग टाकलेल्या माणसाच्या बाबतीत आपला हात आखडतो कशामुळे? मला वाटते, जनावराचा दोष आपण धरीत नाही; माणसाचा धरतो. याने व्यसन केले असेल, कामचुकारपणा केला असेल, पूर्वकर्म भोगत असेल, असे म्हणून आपण मोकळे होतो. कर्माचा सिद्धान्त स्वतःच्या आचरणाची झडती घेण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवण्यासाठी त्याचा उपयोग करणे हा त्या सिद्धान्ताचा अवमान होय.

आपल्या परंपरेत साधूला 'अनगार' म्हणतात, म्हणजे ज्याला घर नाही असा. विहार करीत अनगार गावात आले की आपण अनवाणी सामोरे जातो, गोचरीसाठी दार उघडून उभे राहतो. घर सोडून निघालेल्याला आपण वंदन करतो आणि घराने सोडून दिलेल्याच्या अंगाखाली पाणी ओततो. साधूचा त्याग स्वेच्छेचा आणि ज्ञानपूर्वक असतो, त्याची बरोबरी कोणी करू नये, हे मी जाणतो. पण रात्री जमिनीला पाठ टेकणे आणि दुसऱ्याच्या दारातील अन्नावर जगणे किती कठीण असते, हे ज्या समाजाला माहीत आहे, त्या समाजाकडून अधिक समजुतीची अपेक्षा करणे चूक ठरू नये.

माणूस रस्त्यावर कसा येतो, हे व्यापाऱ्याला तरी परके नसावे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार कामाबाहेर गेले. त्यांत आपल्या कोकणचे पुष्कळ होते. कित्येकांनी गावची वाट धरली, कारण गावात निदान एक पडवी त्यांची वाट पाहत होती. ज्याला ती पडवी नव्हती, त्याचा आणि पदपथाचा संबंध फार जवळचा झाला. माझे आजोबा सिरोहीकडून या किनाऱ्यावर आले तेव्हा खांद्यावर कापडाचा गठ्ठा एवढीच त्यांची इस्टेट होती. पहिले दोन पावसाळे त्यांनी एका मराठी कुटुंबाच्या पडवीत काढले. त्या घरच्या माउलीने पडवीत पाणी ओतले असते, तर आज मी या व्यासपीठावर उभा नसतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. छप्परे उडाली, वाड्यांतील नारळ-सुपारी भुईसपाट झाली आणि भल्याभल्यांना छपराविना रात्र म्हणजे काय ते कळले. पण आपल्या घरांचे पंचनामे झाले, कारण आपल्याला नाव होते, घरक्रमांक होता. ज्याला मुळातच घरक्रमांक नाही त्याचा पंचनामा कोण करणार? २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक माणसे उघड्यावर आढळली. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियमात तर भीक मागताना सापडलेल्याला पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद केली गेली. हा कायदा दिल्लीतही लागू होता; तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या.

त्याच २०१८ साली कर्जतच्या डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ती बातमी वाचून मी अस्वस्थ झालो. मानसोपचारतज्ज्ञ असलेले हे दांपत्य, डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी, एकदा मुंबईत एका उपाहारगृहात बसले असता त्यांना रस्त्यावर एक कृश तरुण करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या रुग्णालयात नेले, न्हाऊ घातले, औषधोपचार केले. तो बरा झाल्यावर कळले की तो आंध्र प्रदेशातील विज्ञानाचा पदवीधर असून त्याने प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविकाही घेतली होती! त्यातून १९८८ मध्ये श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे कार्य सुरू झाले आणि २००६ पासून आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतला, त्याचे मोठे केंद्र उभे राहिले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला आणायचे, स्वच्छ करायचे, उपचार करायचे, भान आल्यावर त्याच्याकडून गावाचे नाव काढून घ्यायचे आणि सोबत माणूस देऊन त्याला घरी पोहोचवायचे, ही तेथील पद्धत. पुरस्काराच्या वेळेपर्यंत सात हजारांहून अधिक माणसे आपापल्या घरी परतली होती.

वाणिज्य शाखेत आम्हांला शिकवले होते की वसूल न होणारी रक्कम बुडीत म्हणून लिहून टाकावी. पण पुढे ती वसूल झाली तर त्या वर्षाच्या जमेत धरावी. समाजाने बुडीत खात्यात टाकलेली सात हजार माणसे एका डॉक्टर दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमेला आणून दाखवली. माझ्या ओट्यावरचा तो मनुष्यही कदाचित कोणाचा तरी हरवलेला भाऊ असेल. कर्जत आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. मी दोन बादल्या पाण्याऐवजी एक दूरध्वनी केला असता तर?

मला त्या वेळी मार्ग माहीत नव्हता, ही सबब आज चालणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १०० नुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी नेणे हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. बेपत्ता म्हणून नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ हा शासकीय क्रमांकही २०२२ पासून उपलब्ध आहे.

विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे. आपल्या शास्त्रांत दानाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी कीर्तिदानाची व्यवस्था या स्मरणिकेच्या पानोपानी उत्तम झाली आहे. माझ्याही दुकानाची जाहिरात आत आहेच. अनुकंपादानासाठी मात्र सुवर्णमहोत्सवी निधीतील एक भाग बाजूला काढावा आणि त्यात जात-धर्म विचारू नये. बाजारपेठेत, एस. टी. स्थानकावर किंवा देवळाबाहेर असा मनुष्य दिसला की पोलिसांना कळवणे, त्याच्यासोबत रुग्णालयापर्यंत जाणे आणि पुढील प्रवासाचा खर्च करणे, एवढे काम चार तरुणांनी आळीपाळीने सांभाळावे. अशा प्रत्येकाला लागणारे अंगभर नवे कपडे आणि पांघरूण माझ्या दुकानातून विनामूल्य मिळेल. चिंध्या नव्हे, ठाणातून कापलेले कापड मिळेल.

माझ्या दुकानाचा ओटा रात्री आता कोरडा असतो. त्यावर पाणी ओतायचे नाही, असे मी मुलालाही सांगून ठेवले आहे. ज्याचे नावही मी विचारले नाही, त्या माणसाला उद्देशून आणि आपणां सर्वांच्या साक्षीने मी अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडं म्हणतो आणि माझे भाषण संपवतो.

जय जिनेंद्र.