गाडीचा बिल्ला : रंगवावा कसा, राखावा कसा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्या पंक्तीत जुन्या पिकअप गाडीच्या नाकावरचा बिल्ला येऊन बसावा, याचे आपणांस नवल वाटणे साहजिक आहे. बिल्ला म्हणजे बॉनेटवर किंवा पुढच्या जाळीवर बसवलेले कंपनीचे चिन्ह. वस्तू तळहाताएवढी, पण ती दुरुस्त करताना जो प्रश्न उभा राहतो, तो मोठमोठ्या वास्तूंच्या बाबतीत शहाण्यासुरत्यांनाही पडलेला आहे. जुने ते नवे करावयाचे, की जुने ते जुनेच राखावयाचे?

आपला खानदेश हा रस्त्यांचा मुलूख. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातून शिरपूरकडे जातो. सुरतेहून येणारा रस्ता धुळे, पारोळा, एरंडोल करीत जळगावास पोचतो. रावेर-यावलची केळी आणि गावोगावचा कापूस वाहून नेण्यात मालगाड्यांच्या कितीतरी पिढ्या झिजल्या. बहुतेक भंगारात गेल्या. एखादी कुठे खळ्यात, गोठ्याशेजारी उभी असते. कागदपत्रे हरवलेली, रंग उडालेला. अशा गाडीची ओळख पटवण्यास पुष्कळदा पहिला साक्षीदार सापडतो तो हा बिल्लाच.

तो काय काय सांगतो, पाहा. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून गाड्यांची जुळणी केली आणि १९५४ साली ते काम थांबले. शेव्हरोलेचा बिल्ला त्या काळाकडे बोट दाखवतो. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, फार्गो, डिसोटो अशा नावांनी मालगाड्या काढल्या. ही भावंडे इतकी सारखी, की एकीचे गोत्र दुसरीहून वेगळे ठरवायचे ते मुख्यतः नावाच्या पट्टीवरून आणि बिल्ल्यावरून. फार्गोच्या नाकावर डॉजचा बिल्ला ठोकला, तर शोभा कमी होणार नाही; परंतु गाडीचे कुळ मात्र बदलले! टाटांच्या मालगाडीवर तीन टोकांची चांदणी दिसली, तर ती मर्सिडीज-बेंझशी असलेल्या १९५४ ते १९६९ या सहकार्याच्या काळातली, असे साधारणपणे समजावे. करार संपला आणि चांदणीही गेली. म्हणजे बिल्ला हा दागिना आहेच, शिवाय तो दस्तऐवजही आहे.

आता हाताच्या कामाकडे वळू. बिल्ला काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप उतरवावा. पुढून पेचकस घालून उचकटण्याचा मोह टाळावा. बिल्ल्याच्या पाठीस खुंट्या असतात आणि त्या आतून नटाने किंवा दाबाच्या पत्तीने धरलेल्या असतात. तिथे रात्रभर तेल मुरू द्यावे आणि सकाळी मागूनच सोडवावे. जस्ताच्या मिश्रधातूची जुनी खुंटी बिस्किटासारखी तुटते.

यानंतर धातू ओळखावा. जुने बिल्ले पुष्कळदा तांब्याचे वा पितळेचे असून त्यांवर काचेचा मिना भाजलेला असे. पुढे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव बिल्ले आले. त्यांवर तांबे, निकेल आणि सर्वांत वर क्रोम असा मुलामा, आणि खोलगट भागात रंग. हा भेद न ओळखता काम करणाऱ्याच्या हातून घात होतो. मिना भाजण्यास ८०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. जस्त ४२० अंशांजवळच वितळते. कॉस्टिक सोड्यात टाकलेले जस्त खाल्ले जाते. म्हणून साबणाचे कोमट पाणी, मऊ ब्रश आणि सबुरी, एवढीच साधने प्रथम वापरावी. मुलाम्याला पांढरे फोड आले असतील, तर ते पॉलिश पेपरने घासून जात नाहीत. घासले की मुलामाच जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि गेलेली कड परत येत नाही.

मूळ रंग शोधावा तो अक्षरांच्या कोपऱ्यांत आणि जाळीच्या कडेखाली, जिथे ऊन पोचलेले नाही. उन्हाने विटलेल्या रंगाशी जुळणी केली, तर आपण विटकेपणाचीच नक्कल करतो. रंग सापडला की चांगला सिंथेटिक इनॅमल थोडा पातळ करून बारीक ब्रशाने खोलगट भागात सोडावा, फासू नये. तो आपल्या आपण कडेपर्यंत पसरतो. मग लाकडाच्या सपाट तुकड्यावर कापड ताणून, त्याला तारपिनाचा केवळ ओलावा देऊन, उंच अक्षरांवरून एकदाच फिरवावे. कापड सैल असले, तर ते खोलात शिरून रंग पुसून नेते. एक रंग पुरता वाळल्यावाचून दुसरा घेऊ नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, रंगावर क्षणात साय धरते आणि वर धूळ बसते. तेव्हा हे काम पहाटे, सावलीत करावे.

इथवर कारागिरी झाली. खरा पेच पुढे आहे. पुष्कळ बिल्ल्यांवर कंपनीच्या रंगावर आपल्याच गावच्या पेंटरचा रंग चढलेला असतो. कंपनीने निळा दिला, याने लाल केला. मालकाला लाल शुभ वाटला असेल. दुरुस्ती करणाऱ्याने काय करावे? कारखान्यातून निघाली तो दिवस खरा, की पुढची चाळीस वर्षे तिने ओझे वाहिले ते खरे?

आपल्या शेजारचे अजिंठा याबाबत मोठा धडा देते. निझाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी या तज्ज्ञास बोलावले. सुटू पाहणारा गिलावा भिंतीला धरून ठेवण्याचे मोलाचे काम तेव्हा झाले. पण चित्रांवर जे चपड्याचे व्हार्निश दिले गेले, ते कालांतराने पिवळे व काळपट पडले, आणि ते उतरवण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे वर्षानुवर्षे खपावे लागले. हेतू उत्तम, हात कुशल; तरीही चढवलेला थर पुढच्या पिढीला काढावा लागला. तो काढता आला, हे आपले भाग्य.

दुसरा धडा धुळ्याचा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच निवर्तले आणि पुढच्या वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर कागद जमवले. जुन्या पत्रातली ओळ आपल्याला रुचत नाही, म्हणून ती खोडून शुद्ध करणाऱ्यास आपण संशोधक म्हणू काय? मग गावच्या पेंटरची ओळ खरवडून टाकणाऱ्यास तरी काय म्हणावे?

माझे मत असे. पेंटरचा थर धड असेल, तर तो राखावा. खपल्या निघत असतील आणि मालकाला मूळचा निळाच हवा असेल, तर जरूर द्यावा. परंतु एका कोपऱ्यात नखाएवढा लाल ठेवावा. रंग भरावा, धातू तासू नये. कारण भरलेला रंग उद्या काढता येईल, तासलेला धातू कोण परत आणील? पोचा आणि ओरखडा यांना लाजू नये.

हे आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या खास नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी गाड्यांना त्यांत मानाचे स्थान मिळाले. श्रीमंताची मोटार त्यात सुखाने बसते. केळी वाहणारी पिकअप त्या व्याख्येत बसत नाही. जिने कष्ट उपसले तिचा मान कायद्याने राखलेला नाही. तो राखायचा, तर मालकाने, मेकॅनिकने आणि पेंटरने.

म्हणून शेवटची एक सूचना. बिल्ला पुन्हा बसवण्याआधी त्याच्या पाठीवर, कोणाला दिसणार नाही अशा जागी, रंगवल्याचे साल आणि आधी सापडलेला रंग बारीक अक्षरांत लिहून ठेवा. पुढे कधी कोणी तो सोडवील, तेव्हा आपण काय बदलले हे त्याला प्रामाणिकपणे कळेल.