बाळाचे पहिले वस्त्र



मनुष्य जन्माला येतो तो उघडा. जगाकडून त्याला मिळणारी पहिली भेट म्हणजे वस्त्र होय. हे वस्त्र जेमतेम हातभर कापडाचे असते. ते शिवावयास फार तर एक दुपार लागते. म्हणूनच की काय, झबली, टोपरी, कुंच्या आणि बाहुलीचे कपडे शिवणे हा स्त्रियांच्या फावल्या वेळचा विरंगुळा होय, अशी समजूत रूढ झाली आहे. वास्तविक या इवल्याशा शिवणकामाचा बालकाच्या आरोग्याशी आणि शिक्षणाशी निकटचा संबंध आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांनी त्याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात बाळंतविड्याची परंपरा जुनी आहे. माहेरची माणसे, आत्या, मावश्या आणि शेजारणी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणि बाळासाठी अंगडे-टोपडे, दुपटे, लाळेरे घेऊन येतात. या वस्त्रांची घडण पाहिली, तर तीमागील व्यवहारज्ञान ध्यानात येते. झबले पाठीकडून उघडे असते, कारण मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून कपडा ओढून घालणे कठीण. कुंची डोके, कान आणि पाठ एकाच कापडात झाकते. आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे बाळाच्या त्वचेला बोचत नाही, ओल चटकन टिपते आणि लवकर वाळते. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणासाठी शिवलेले काळे झबले हौसेचे असले, तरी काळा रंग ऊब धरतो, हा अनुभव त्यामागे आहेच.

आधुनिक वैद्यकाने या अनुभवाला शास्त्रीय आधार दिला आहे. नवजात बालकाचे वजन अल्प असते. परंतु वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो. त्याचे डोके तर शरीराच्या एकूण लांबीच्या सुमारे चतुर्थांश असते. साहजिकच ते मोठ्या माणसापेक्षा फार लवकर थंड पडते. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ते त्याखाली उतरले की बाळ मलूल होते, अंगावर नीट ओढत नाही आणि त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. जन्मतः ज्याचे वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असते, अशा बालकाच्या बाबतीत हा धोका अधिक. म्हणून जन्मताच त्याला कोरड्या फडक्याने पुसावे, ते ओले फडके दूर करावे, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरावे, डोक्यावर टोपरे घालावे आणि दोघांवर मिळून पांघरूण घालावे. पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवावी.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया बाळाला ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे ही कामे करीत. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. हे श्रेय अर्थातच एकट्या टोपऱ्याचे नव्हे. परंतु अल्पमोली साधने आणि जाणते हात काय करू शकतात, हे त्यातून दिसून आले. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, तेव्हा त्यांच्या साहित्यात तापमापक आणि वजनकाट्याबरोबर बाळाच्या पांघरुणालाही स्थान मिळाले.

येथे एका रूढीचा विचार करणे प्राप्त आहे. बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी काही नवे शिवू नये, असे अनेक घरांत मानले जाते. पूर्वी बालमृत्यू घरोघरी होत. त्या दुःखाच्या धास्तीतून ही समजूत निर्माण झाली असावी. तिची थट्टा करून काही साधणार नाही. परंतु तिचा परिणाम असा होतो, की बाळ येते त्या घटकेला हाताशी धुतलेले फडके नसते, आणि मिळेल त्या चिंधीत त्याला गुंडाळले जाते. नवे नको, असे रूढी म्हणते. स्वच्छ नको, असे तिने कधीही म्हटलेले नाही. म्हणून सातव्या महिन्यातच घरातील जुनी मऊ सुती धोतरे व लुगडी साबणाने स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून त्यांची तीन-चार दुपटी, दोन झबली, दोन टोपरी आणि काही लंगोट करून ठेवावेत. हे गाठोडे प्रसूतीसाठी जाताना बरोबर न्यावे. यात रूढीही मोडत नाही आणि बाळही उघडे पडत नाही.

गाठोडे ठेवताना मात्र एक दक्षता अवश्य घ्यावी. कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. त्यांतील नॅप्थॅलीनमुळे काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. ज्यांच्या रक्तात जी-६-पी-डी या द्रव्याची जन्मजात कमतरता असते, त्यांना हा अपाय विशेष होतो. आणि ही कमतरता आपल्या राज्यातील काही आदिवासी जमातींत आढळते. कपडे पेटीतून काढल्यावर पुन्हा धुणे हा उत्तम मार्ग होय.

शिवणकामाचेही काही नियम आहेत. कापड सुती असावे; नायलॉनची झालर आणि जरीचा काठ शोभेला बरा, अंगाला नव्हे. कच्च्या कडा दुमडून झाकाव्यात. अगदी लहान बाळाच्या झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूस ठेवली तरी चालते. बंद आखूड असावेत. टोपीच्या कडेतून ओवलेली लांब नाडी गळ्याला फास बसवू शकते. ब्रिटनने मुलांच्या बाह्य वस्त्रांतील अशा नाड्यांवर १९७६ मध्येच कायद्याने बंदी घातली. पायमोजे आणि हातमोजे उलटे करून आतील सुटे दोरे कापावेत, कारण असा दोरा बोटाभोवती आवळून रक्तप्रवाह थांबवू शकतो. टाचणी, सेफ्टी पिन, मणी आणि टिकल्या वर्ज्य समजाव्यात. शिवायला बसताना सुया मोजाव्यात आणि उठताना पुन्हा मोजाव्यात. वैशाखातील उन्हात बाळाला गोधडीत गुंडाळणेही तितकेच अयोग्य. पोट उबदार व पाय गार लागले तर ऊब कमी पडते आहे आणि दोन्ही उबदार लागले तर ती पुरेशी आहे, एवढी खूण आईला पुरते. मात्र पोटही गार लागले, किंवा उलट अंग तापले, तर बाळाला विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

हे कौशल्य मुलांच्या हाती कसे यावे? त्याचा मार्ग बाहुलीच्या घरातून जातो. बाहुला-बाहुलीच्या लग्नासाठी चिंध्यांचे परकर-पोलके शिवता शिवता अनेक पिढ्यांतील मुली शिवण शिकल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात परिसरातील साध्या वस्तूंना शैक्षणिक साधनांचे स्थान दिले. चिंध्यांची बाहुली हेही असेच साधन होय. तिला कपडे चढवताना बालवाडीतील मूल काज, गुंडी आणि गाठ शिकते. चौथी-पाचवीतील विद्यार्थी बाहुलीचे झबले बेतताना माप घेतो, निम्मे करतो, दुमड ठेवतो. तो भूमितीचाच पाठ असतो. कार्यानुभवाच्या तासाला हे काम मुलींबरोबर मुलग्यांनाही द्यावे. उद्याच्या पित्याला बाळाचे लंगोट बदलता येऊ नये, असे थोडेच आहे! मात्र धाकट्या भावंडाच्या हाती जाणाऱ्या बाहुलीचे डोळे मण्यांचे नसावेत. ते दोऱ्यानेच भरावेत.

बचत गटांना यातून थोडीफार मिळकतही होऊ शकेल. तथापि खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा केंद्र शासनाचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला असून, खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक करण्यात आले. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट देण्यात आली. बाहुल्या विकू इच्छिणाऱ्या गटांना ही माहिती देणे आणि नोंदणीस साहाय्य करणे, हे स्थानिक कार्यकर्त्यांचे काम आहे.

ग्रामपंचायतीने यासाठी मोठा खर्च करण्याची आवश्यकता नाही. गावातील शिवणयंत्र असलेली एक भगिनी, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि शाळेतील एक शिक्षक यांनी महिन्यातून एक दुपार एकत्र बसावे. गावात सातवा महिना लागलेल्या भगिनी किती, याची नोंद आशा कार्यकर्तीकडे असतेच. त्या प्रत्येकीच्या घरी बाळाचे गाठोडे तयार आहे किंवा नाही, एवढे पाहावे. नसेल तेथे ते करून द्यावे. मोठ्या योजना यशस्वी होतात त्या अशाच लहान कामांच्या बळावर. आपल्या गावात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला पहिल्या घटकेस कोरडे, स्वच्छ आणि उबदार वस्त्र मिळावे, हे साध्य करणे आपल्या हाती आहे. त्यासाठी लागते ती सुई, दोरा, जुने लुगडे आणि थोडी आस्था.