परक्याचा जामीन

आज विधिशास्त्राची पदवी धारण करणाऱ्या स्नातकहो,

1534 साली पोर्तुगीजांच्या, 1739 साली चिमाजी अप्पांच्या पराक्रमाने मराठ्यांच्या आणि कालांतराने इंग्रजांच्या अमलाखाली गेलेल्या, आणि 2011 च्या जनगणनेत ज्याच्या नव्या महानगराची वस्ती बारा लाखांवर नोंदली गेली त्या या वसई प्रांतात उभे राहून, मूळचा कोण आणि बाहेरचा कोण याचा निवाडा करण्याचे धाडस मला होत नाही. पश्चिमेकडील वाड्यांची हिरवाई आणि विहिरींचे पाणी राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो लढा दिला त्यामागची भीती खरी होती. परंतु तीच भीती जमिनीचा व्यापार करणाऱ्याला सोडून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यावर रोखली जाते, तेव्हा तिचे रूपांतर अन्यायात होते. आणि संशय किती थोड्यावर पेट घेतो हे आपल्याच जिल्ह्याने 16 एप्रिल 2020 रोजी पाहिले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तीन निरपराध जिवांचा घात केला.

माझे म्हणणे एवढेच आहे, की परमुलखातून आलेला मनुष्य संशयित म्हणून आपल्या फौजदारी व्यवस्थेला तात्काळ ओळखू येतो, फिर्यादी म्हणून मात्र तो तिच्या दृष्टीस पडत नाही.

यासाठी बिहार किंवा उत्तर प्रदेशापर्यंत जाण्याचे कारण नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतील कातकरी आणि वारली कुटुंबे दिवाळी सरली की वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. पावसाळ्यात घरातले धान्य संपते त्या सुमारास शेठकडून किंवा मुकादमाकडून बयाणा घेतलेला असतो आणि त्या रकमेवर नवराबायकोचे, पुष्कळदा मुलांचेही, पुढल्या सात-आठ महिन्यांचे श्रम बांधले जातात. भट्टीलगत पेंढा, कूड आणि फाटके प्लास्टिक यांचा भोंगा उभारायचा, पहाटेच्या काळोखात चिखल तुडवायचा, साच्यातून विटा पाडायच्या, आठवड्याच्या बाजाराला शेठ देईल ती खर्ची घ्यायची, आणि मृगाच्या तोंडावर हिशेब होतो त्या वेळी, वही ज्याच्या हातात असते त्याच्याच तोंडून, बयाणा अद्याप फिटलेला नाही असे ऐकून पुढल्या हंगामाचा शब्द देऊन परतायचे, अशी ही वहिवाट आहे. राज्याची सीमा न ओलांडल्यामुळे, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 साली जो कायदा झाला, त्याच्या लेखी ही माणसे स्थलांतरितही नव्हती!

वास्तविक 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे प्रत्येक कर्ज नष्ट केले, ते वेठीचे नाही हे शाबीत करण्याचा भार धनकोवर टाकला आणि वेठीस धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे म्हणजेच संविधानाच्या अनुच्छेद 23 ने निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम होत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 146 नेही सक्तीची मजुरी हा गुन्हा कायम ठेवला. तरीही चौकीवर आलेल्या मजुराला पुष्कळदा उत्तर मिळते, ‘हा तुमचा देण्याघेण्याचा मामला आहे, आपसांत मिटवा.’ या एका वाक्याने दखलपात्र अपराध दिवाणी तंटा होऊन बसतो. याच तालुक्यातील वेठबिगारांच्या मुक्तीतून विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने 1982 साली श्रमजीवी संघटना उभी राहिली, पुढे भट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या. कायदा कोणीतरी पायी चालत भट्टीपर्यंत नेला तेव्हाच तो तेथे पोहोचला, हा त्या इतिहासाचा अर्थ मला वाटतो.

आता हाच मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर काय घडते ते पाहा. मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला असता दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ पुढे आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे या सबबीवर त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1978 साली हा हुकूम अत्यंत व्यथित होऊन रद्द केला आणि केवळ एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्या गवंड्यास सोडण्यास सांगितले. त्यानंतर जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळाल्यास आरोपीला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे, अशी तरतूदही कायद्यात आली. परंतु स्थानिक जामीनदार आणा ही मागणी न्यायालयांच्या दारातून अद्याप पुरती हटलेली नाही, आणि ज्याचा भाऊबंद येथे कोणीच नाही अशा आरोपीला गुन्हा शाबीत होण्यापूर्वीच परकेपणाची शिक्षा भोगावी लागते.

फिर्यादी दृष्टीस न पडण्याचा हाच प्रकार भट्टीबाहेर, शहरातही घडतो. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतील 41 अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडण्याचे काम 2025 च्या आरंभी पूर्ण झाले. सार्वजनिक प्रयोजनासाठी राखलेली जमीन मोकळी व्हावयासच हवी होती, यात मला शंका नाही. पण ज्यांनी सारी पुंजी घालून तेथे घर घेतले त्यांना आपण अतिक्रमण करणारे म्हटले. फसवणुकीचे फिर्यादी म्हणून त्यांची जबानी कोणी घ्यावी, हे त्यांना समजावून सांगणारा वकील त्यांपैकी किती जणांना भेटला असेल?

स्नातकहो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, वेठबिगाराला, स्त्रीला आणि अटकेतील मनुष्याला विनामूल्य वकील मिळण्याचा अधिकार दिला आहे. सनद हाती पडताच तालुका विधी सेवा समितीच्या यादीत नाव नोंदवा. दिवाळीनंतर भट्ट्या लागतील तेव्हा दोघे-तिघे मिळून तेथे जा, बयाणा किती, खर्ची किती, विटा किती पाडल्या हे मजुराला विचारून स्वतःच्या वहीत उतरवून घ्या, म्हणजे मृगाच्या हिशेबाला शेठच्या वहीसमोर ठेवायला दुसरी वही असेल. आणि फिर्याद देण्याची वेळ आली तर त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन, गुन्हा नोंदवून त्याची प्रत त्याच्या हाती पडेपर्यंत तेथून उठू नका.